अंगठ्यातली दोरी

गवंड्याला थंडी वाजत नसे, याचासुद्धा अंगठ्याला राग यायचा.

सकाळी दोघं होडी पाण्यात ढकलत होते. अंगठ्याच्या अंगात दोन स्वेटर, गळ्याभोवती बायकोची जुनी शाल, तरी दात वाजत होते. गवंडी मात्र पँट मांडीपर्यंत वळून गुडघाभर पाण्यात उभा, आणि शीळ घालतोय. हा माणूस आठवडाभर लोकांच्या भिंती बांधायचा आणि सुट्टीच्या दिवशी हौस म्हणून मासे मारायला यायचा. नदी एवढी नालायक, की पोटासाठी जो रोज येतो त्याला शेपूट दाखवायची आणि हौशी माणसाच्या जाळ्यात आपण होऊन शिरायची.

थंडी पडल्यापासून अंगठ्याला बोटाएवढ्या मासळीशिवाय काही मिळालं नव्हतं. थंडीत मासा खाली जाऊन बसतो, खात नाही, हलत नाही, हे काठावरचं शेंबडं पोरही सांगेल. पण खाली म्हणजे कुठे? ते कळलं तर हिवाळा जातो, नाहीतर हिवाळा माणसाला घेऊन जातो. त्याची बायको बटाट्याच्या गोदामात निवडायला जायला लागली होती. संध्याकाळी परत यायची तेव्हा तिच्या नखांत माती असायची आणि तोंडात एक शब्द नसायचा. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

निघताना म्हाताऱ्यानं खाटेवरून हुकूम सोडला होता. कंबर मोडल्यापासून अंगठ्याचा बाप खिडकीजवळ पडून असे. कंबर मोडली होती, आवाज शाबूत होता.

"होडीचा बांबू तू धर. जाळं त्याला टाकू दे."

"का? मी काय हात घरी ठेवून चाललोय?"

"सांगितलं तेवढं कर."

गवंडी दारात उभा होता. त्यानं ऐकलं, आणि ऐकलं नाही असं दाखवण्यासाठी दाराची चौकट बोटानं ठोकून पाहिली, जणू चौकट तपासायलाच आला होता. बायको चहाचे कप विसळत होती. तिनंही ऐकलं. अंगठ्याला जास्त लागलं ते तिनं ऐकलं म्हणून.

नाव अंगठ्या पडलं, तेही याच म्हाताऱ्यामुळे. फेकायच्या जाळ्याला कडेनं शिशाच्या गोळ्या असतात आणि मध्यातून एक लांब दोरी निघते. दोरीच्या टोकाला फास. तो फास डाव्या मनगटात घालून ओढायचा, जाळ्याची एक घडी दातांत धरायची, कंबरेतून फिरायचं आणि सोडायचं. जाळं छत्रीसारखं उघडून पाण्यावर पडतं. नदीवरचे सगळे असंच करतात. अंगठ्याला तेवढं करू दिलं नाही. लहानपणी त्यानं मनगटात फास घातला की पाठीत रट्टा बसायचा.

"तुझ्या मनगटात जोर नाही. अंगठ्यात अडकव. नुसती अडकव, बांधायची नाही."

अंगठ्यात अडकवलेली दोरी जोराचा हिसका बसला की निसटते. दोनदा त्याचं जाळं नदी घेऊन गेली. दुसऱ्या वेळी पुलावर माणसं होती. तेव्हापासून तो अंगठ्या. शाळेत बऱ्यापैकी शिकला होता, सही झोकात करायचा, तरी अंगठ्या.

आणि शेजारचा, बाप मेलेला पोरगा, जो आता गवंडी झाला होता, तो त्याच काठावर त्याच म्हाताऱ्याकडून मनगटाला फास बांधायला शिकला. म्हातारा स्वतः गाठ ओढून बघायचा आणि म्हणायचा, "हा हात!" बस, दोन शब्द. अंगठ्याचे केस पिकायला लागले तरी ते दोन शब्द त्याच्या कानातून निघाले नव्हते.

दुपारपर्यंत त्यांनी नेहमीच्या सगळ्या जागा पालथ्या घातल्या. पुलाखाली, वाळूच्या दांड्याजवळ, धुण्याच्या दगडांपाशी. धुकं उठायचं नाव घेत नव्हतं. गवंडी जाळं फेकायचा, थांबायचा, ओढायचा. जाळ्यातून पाला निघायचा, एकदा कोणाची तरी चप्पल निघाली.

"घे, तुझ्या मापाची आहे," गवंडी म्हणाला.

"दुसरी मिळाली की सांग."

"परवा मास्तरच्या घरी गेलो. म्हणे, तू बांधलेली भिंत वाकडी आहे. मी ओळंबा लावून दाखवला. सरळ. तरी म्हणे वाकडी. म्हटलं, मास्तर, भिंत राहू द्या, चष्मा बदला."

अंगठ्या हसला नाही. त्याला हसू आलं होतं, ते त्यानं गिळलं. गवंड्याचं हे असंच. हा बोलला की माणसं हसायची, अगदी अंगठ्याची बायकोसुद्धा. गोदामातून थकून आलेली बाई याच्या एका वाक्याला ओट्याला टेकून हसायची. अंगठ्यानं तिला शेवटचं कधी हसवलं होतं? आठवून पाहिलं, आठवलं नाही.

काठाला होडी लावून त्यांनी डबे उघडले. गवंड्याच्या आईनं मुलाला दिलेल्या डब्यात दोन माणसांचं होतं. त्यानं अर्धं अंगठ्याच्या डब्यात ओतलं, न विचारता. अंगठ्याला भूक होती, म्हणून तो जेवला. भूक नसती तर नदीत फेकलं असतं, असं तो मनात म्हणाला, पण भूक होती.

डबे धुतल्यावर गवंडी होडीत उभा राहिला, लांब बघत.

"आता डावीकडे घे. वर."

"तिकडे काय ठेवलंय?"

"घे तर. ती पाण्याची टाकी दिसते? तिच्यामागे भट्टीची चिमणी लपली पाहिजे. पूर्ण. आणि इकडून पुलाचा शेवटचा खांब त्या वाकड्या झाडाला लागला पाहिजे. दोन्ही जमलं की थांब."

अंगठ्याचा बांबू हातातच थांबला.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"काकांनी. गेल्या आठवड्यात पाय चेपायला बसलो होतो ना, तेव्हा. म्हणाले, थंडीत सगळा मासा तिथेच बसतो. तुला माहीतच असेल म्हणा."

अंगठ्याला माहीत नव्हतं. एवढे हिवाळे गेले. एका हिवाळ्यात घरातली पितळी भांडी गेली, एका हिवाळ्यात बायकोच्या कानातलं गेलं, आणि हा म्हातारा खिडकीतून नदीकडे बघत गप्प पडून होता.

"माहीत आहे," अंगठ्या म्हणाला.

बांबू टेकवत, ढकलत तो होडी वर नेऊ लागला. त्याच्या अंगातली थंडी गेली होती. पाय चेपायला गवंडी, मग रोज सकाळी म्हाताऱ्याच्या खाटेखालचं भांडं कोण उचलतं? पाठीला फोड येऊ नये म्हणून रात्री दोनदा कूस कोण बदलून देतं? पाहुण्यानं घटकाभर पाय दाबले आणि नदी बक्षीस घेऊन गेला. पोरगा मात्र भांड्याचा धनी.

चिमणी हळूहळू टाकीच्या मागे गेली. खांब झाडाला टेकला. बांबू खाली गेला, गेला, आणि पार वरचं टोक हातात उरलं तेव्हा दगडाला लागला. टक. तळ सगळा दगडाचा होता. कुठेही टेकवा, टक.

"इथेच," गवंडी हळू आवाजात म्हणाला. देवळात बोलावं तसा.

त्यानं फास मनगटात घातला, दातानं ओढून घट्ट केला आणि जाळं सोडलं. जाळं असं गोल पडलं की अंगठ्याला बघवेना आणि नजरही काढवेना. गवंड्यानं थोडं थांबून ओढायला घेतलं आणि त्याचे खांदे वाकले. जाळं वर आलं ते काळं होऊन. मिशीवाले मासे, हाताएवढे, सुस्त, थंडीनं अर्धे मेल्यासारखे. होडीत पडले तरी धड उड्या मारेनात, नुसते तोंड उघडून मिटत होते.

"बघ, बघ," गवंडी म्हणत होता. "अरे, बघ तरी."

अंगठ्या बघतच होता. हे मासे त्याच्या घरी जाणार होते. होडी आणि जाळं म्हाताऱ्याचं, म्हणून एक वाटा घरचा, एक अंगठ्याचा, एक गवंड्याचा. म्हणजे तिनातले दोन वाटे आपलेच. त्यानं आनंदी व्हायला हवं होतं. हे त्याला कळत होतं आणि त्यामुळे तो आणखी चिडत होता.

दुसऱ्या फेकीला जाळं खाली गेलं आणि वर येईना.

"अडकलं," गवंडी म्हणाला. "खाली झाड आहे वाटतं."

तो ओढत होता तोवर होडी धारेला लागली. वर काठाशी पाणी संथ दिसत होतं, पण मध्ये ओढ होती. होडी खाली सरकायला लागली आणि दोरी ताणली. फास मनगटात रुतला. गवंडी एका गुडघ्यावर आला, मग होडीच्या कडेवर छाती आपटली. त्याचा डावा हात कोपरापर्यंत पाण्यात गेला. होडी त्या बाजूला कलली आणि मासे घसरत त्याच्या पायांपाशी गोळा झाले.

"वर घे! होडी वर घे!"

बांबू अंगठ्याच्या हातात होता. तो त्यानं पाण्यात घातला. टक. आता जोर लावायचा, होडी धारेच्या उलट ढकलायची, की दोरी सैल. एवढंच काम होतं. पोरवयापासून तो हेच काम करत आला होता.

त्यानं जोर लावला नाही.

त्यानं गवंड्याच्या मनगटाकडे पाहिलं. हा हात! बांध अजून. ओढ दातानं. बघू तुझा हात. त्याच्या मनात हे शब्द अगदी स्पष्ट आले, कोणी मोठ्यानं वाचून दाखवावेत तसे. पाणी होडीच्या कडेवरून आत आलं आणि त्याच्या पायाला लागलं, बर्फासारखं. गवंड्याचा खांदा पाण्यात गेला. गवंड्यानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ओरडला नाही. नुसतं पाहिलं, लहानपणी उडी मारायच्या आधी बघायचा तसं, तू आहेस ना, असं.

मग अंगठ्यानं बांबूवर सगळं अंग टाकलं. होडी कुरकुरली, थांबली आणि इंचाइंचानं वर सरकली. दोरी सैल पडली. गवंड्यानं दातांनी फास उकलला, हात बाहेर काढला आणि दोरी होडीच्या खुंटाला गुंडाळून तसाच तळाशी माशांत पडून राहिला.

बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "बांबू रुतला होता का रे?"

"हो," अंगठ्या म्हणाला. "रुतला होता."

वरच्या अंगानं होडी नेऊन त्यांनी जाळं सोडवलं. एका बाजूनं फाटलं होतं, तरी आत मासे होते.

काठावर माणसं जमली. चहावाला टपरी सोडून बघायला आला.

"गवंडी, भिंती बांधायचं सोड आता."

"आणि या अंगठ्यानं काय केलं?"

"यानं होडी धरली म्हणून मी आहे," गवंडी म्हणाला. "नाहीतर आज माशांनी मला खाल्लं असतं." त्यानं हात वर करून दाखवला. मनगटाभोवती निळं काळं कडं उमटलं होतं आणि कातडी निघून आली होती. चहावाल्यानं त्याला फुकट चहा दिला. मग लक्षात आल्यावर अंगठ्यालाही दिला. अंगठ्यानं तो प्यायला. जीभ भाजली.

घरी बायकोनं मासे पाहिले आणि खाली बसली.

"अहो, एवढे?"

"त्यानं मारले," अंगठ्या म्हणाला.

"कोणी का मारेना. उद्या मी गोदामात गेले नाही तर चालेल?"

ती फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन दिव्याखाली बसली, आणि बसल्या बसल्या काहीतरी गुणगुणायला लागली.

दिवेलागणीला गवंड्याची आई आली. वाकलेली बाई, पदराखाली काहीतरी धरलेलं. तिनं जुना स्वेटर उसवून त्याच्या लोकरीची कानटोपी विणली होती. ती तिनं स्वतःच्या हातानं म्हाताऱ्याच्या डोक्यावर चढवली आणि कानांवर ओढली.

"आज तुमच्यामुळे माझ्या घरी सण झाला, भाऊजी. बिनबापाचं पोर, त्याला तुम्ही हात दिलेत. स्वतःच्या पोराला शिकवलं नाहीत एवढं माझ्या पोराला शिकवलंत."

"बरं बरं," म्हातारा म्हणाला.

"मनगट तेवढं कापलंय त्याचं. दोरी आवळली. झाडात अडकलं म्हणे जाळं."

म्हाताऱ्याचा हात टोपीवर होता, तो तिथेच राहिला.

"पण हात वर आला ना?"

"आला की. तुमचा मुलगा होता म्हणून."

बाई गेली. बायको आत मासे चिरायला गेली. अंगठ्या खाटेशेजारी उभा राहिला.

"ती खूण मला का नाही सांगितलीत?"

म्हातारा खिडकीकडे बघत होता. बाहेर काळोख पडत होता, बघण्यासारखं काही नव्हतं.

"तू गेला असतास."

"जाणारच. मासे तिथे आहेत."

"माझा भाऊ तिथेच गेला."

म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ नदीत गेला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. असा पोहणारा माणूस बुडाला कसा, हे लोक अजून बोलायचे. कुठे बुडाला, हे म्हाताऱ्यानं कधी सांगितलं नव्हतं.

"पाण्याखालचं ते झाड तेव्हापासून आहे," म्हातारा म्हणाला. "फास मनगटात होता त्याच्या. पक्का. मीच ओढून दिला होता. दोरी मनगटातून सुटत नाही. अंगठ्यातून सुटते. म्हणून तुला..."

अंगठ्यानं स्वतःचा अंगठा पाहिला. पाठीतले रट्टे, पुलावरची माणसं, नाव, सगळं त्या एका बोटाला टांगलेलं होतं.

"आणि तुम्ही कुठे होतात?"

"बांबूवर."

"मग?"

"रुतला होता," म्हातारा म्हणाला. "बांबू रुतला होता."

बायको आत विळीवर मासे चिरत होती, त्याचा आवाज येत होता. टक. टक. अंगठ्या बापाच्या तोंडाकडे बघत राहिला. म्हाताऱ्यानं नजर दिली नाही. विचारायचं काही उरलं नव्हतं. त्या तळाला नुसता दगड आहे, हे आता घरात दोघांना ठाऊक होतं.

"गवंड्याच्या मनगटाला मग का बांधलीत?" शेवटी तो म्हणाला. "त्याला का पाठवलंत?"

"घरात खायला नव्हतं. सून बटाटे निवडते, मला दिसत नाही का? त्याचा हात चांगला आहे. मनगटाला बांधली की जाळं जात नाही." म्हाताऱ्यानं टोपी कानांवर ओढली. "आणि तो दुसऱ्याचा आहे."

हे तो सहज म्हणाला. ओरडून म्हणाला असता, रडून म्हणाला असता, तर ऐकून घेता आलं असतं. आयुष्यभर अंगठ्या ज्या गोष्टीसाठी जळला होता ती ही होती. आपल्या घरच्या भातासाठी दुसऱ्याच्या पोराला गाठ मारून ठेवली होती, आणि त्या पोराची आई लोकर उसवून आभार मानायला आली होती.

"टोपी काढा, बाबा."

"थंडी आहे."

"टोपी काढा."

म्हाताऱ्यानं टोपी काढली नाही. अंगठ्यानंही हात लावला नाही. थोड्या वेळानं त्यानं नेहमीसारखी त्याची कूस बदलून दिली आणि पाठीखाली उशी सरकवली. बापाचं अंग हलकं झालं होतं.

सकाळी गवंडी पुन्हा दारात. डाव्या हाताला फडकं बांधलेलं.

"आज काम नाही का?"

"वीट उचलवत नाही. म्हटलं, नदीवर तरी जाऊ. वहिनींनी जाळं शिवलं ना?"

"शिवलं," बायको आतून म्हणाली. आज ती घरी होती.

काठावर गवंड्यानं उजवा हात पुढे केला. "आज या हाताला बांध. मला एका हातानं फास आवळता येत नाही."

अंगठ्यानं दोरीचं टोक घेतलं. फासाची गाठ दगडावर ठेवून सोडवली, आणि नुसतं सैल कडं करून गवंड्याच्या अंगठ्यात अडकवलं.

"हे काय?"

"आजपासून असंच. आणि त्या चिमणीच्या जागेवर जायचं नाही."

"मासा तिथेच आहे, लेका."

"असू दे."

"अरे, तुझ्यासारखं धरलं तर लोक हसतील मला."

"हसतील. सवय होते."

गवंडी त्याच्याकडे बघत राहिला. काल संध्याकाळी जो मासा मारून आला, त्याला आज त्याच जागेवर बंदी, आणि दोरी पोरासारखी अंगठ्यात. त्यानं हिशोब केला, गवंडी माणूस, ओळंब्यात पाहणारा. मग हसला, पण हसू पूर्ण आलं नाही.

"जळतोस होय रे माझ्यावर?"

कारण सांगायचं तर बाप सांगावा लागला असता. आणि कालचा बांबू.

"हो," अंगठ्या म्हणाला. "लहानपणापासून."

खिडकीत कानटोपी दिसत होती. गवंड्यानं तिकडे पाहून हात हलवला. टोपी हलली नाही. मग त्यानं अंगठ्यातल्या दोरीला एक हिसका देऊन पाहिला. दोरी निसटून वाळूत पडली.

"ही तर राहतच नाही," तो म्हणाला.

"तेच," अंगठ्या म्हणाला. त्यानं वाकून दोरी उचलली, पुन्हा त्याच्या अंगठ्यात अडकवली आणि बांबू घेतला.